चाकणची क्षेत्रभेट

वटारच्या परिसरात मोटारसायकल ही चैनीची वस्तू कधी नव्हती. नंदाखाल, आगाशी, बोळिंज, राजोडी या गावांना जोडणारे रस्ते अरुंद, दोन्ही बाजूंना वाड्या, आणि वाडीतला माल पहाटे बाजारात किंवा विरारच्या गाडीला पोहोचवायचा. केळीचे घड, पानांच्या करंड्या, फुलांची पोती, दुधाच्या किटल्या, पावाचे पेटारे या सगळ्यांचा भार आमच्या लहानपणी बजाजच्या एम-एटीने वाहिला. दिसायला ती बेढब, आवाज फुटक्या डब्यासारखा, पण तिच्या मागच्या कॅरियरवर काय काय मावत असे याला हिशेब नव्हता. शेजारचे कुपारी काका एका बाजूला भाजी, एका बाजूला धाकटा मुलगा आणि पुढे पायाशी कोंबड्या घेऊन जात. आमच्या अब्बांकडेही एक होती. ती बंद पडली की अब्बा तिच्यावर रागावत नसत, प्लग काढून शर्टाला पुसत आणि पुन्हा बसवत. 'चेतक' मात्र आमच्या घरी आली नाही. त्या काळात स्कूटरसाठी नाव नोंदवून लोक वर्षानुवर्षे थांबत, आणि लग्नाच्या बोलणीत 'नंबर लागलाय' हेसुद्धा मुलाकडच्या मोठेपणाचे एक कलम असे.

हे सांगण्याचे कारण असे, की आम्ही ज्या उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो तिथल्या निम्म्याअधिक मुलांचे घर या ना त्या प्रकारे चाकांवर चालते. कुणाचे वडील रिक्षा चालवतात, कुणाचे टेम्पो, कुणाचा भाऊ पंक्चर काढतो, कुणी सीट कव्हर शिवतो, कुणी डेंटिंग-पेंटिंग करतो. सच्चर समितीच्या 2006 सालच्या अहवालात गाड्यांची विक्री आणि दुरुस्ती या धंद्यात मुसलमानांचे प्रमाण लक्षणीय असल्याचे नोंदवले आहे. आम्हाला त्यासाठी अहवाल उघडावा लागत नाही, वर्गाचे हजेरीपट पुरते. त्याच अहवालात दुसरी बाजूही आहे. कायम पगाराच्या नोकरीत आपली माणसे फार थोडी. म्हणजे गाडी बिघडल्यावर ती आपल्याकडे येते. गाडी घडते त्या जागी मात्र आपण क्वचितच असतो. ही गोष्ट मुलांना भाषण देऊन सांगण्यापेक्षा गाडी घडते ती जागाच एकदा दाखवावी, असे स्टाफरूममध्ये ठरले.

बी.एड.ला असताना 'क्षेत्रभेट' या विषयावर आम्ही दहा गुणांचे उत्तर पाठ केले होते. पूर्वतयारी, प्रत्यक्ष भेट, अनुधावन. प्रत्यक्षात पूर्वतयारीतच तीन महिने गेले. कारखान्याला पत्र, त्याला उत्तर, मग विद्यार्थ्यांची यादी, शाळा समितीची संमती, एसटीची सवलतीची बस आणि शेवटी पालकांची परवानगी. मुलांच्या बाबतीत काही अडचण आली नाही. मुलींच्या घरून मात्र एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत आला: 'मोटारसायकलच्या कारखान्यात मुलींनी काय बघायचे?' दहावीच्या बावीस मुलींपैकी चौदा आल्या, त्याही एका विद्यार्थिनीच्या अम्मी सोबत यायला तयार झाल्या म्हणून. या बाई शिवणकाम करतात. शाळा सातवीपर्यंतची, पण व्यवहाराची नजर अशी की आमच्यातल्या दोघातिघांना विकून येतील.

डिसेंबर 2023 मधला तो दिवस. फजरची नमाज पढून बस सुटली. घोडबंदर, ठाणे, कळंबोली करत एक्स्प्रेस वेला लागेपर्यंत अर्धी मुले झोपली होती. खंडाळ्याच्या घाटात सगळी जागी झाली आणि तळेगाववरून चाकणच्या रस्त्याला वळल्यावर पुन्हा झोपायला वेळच वेळ मिळाला, कारण त्या रस्त्यावर ट्रेलर, कंटेनर आणि कंपन्यांच्या बसगाड्या एकमेकांना वाट देत नव्हत्या. चाकण म्हणजे मुलांना चौथीच्या इतिहासातला फिरंगोजी नरसाळा आणि 1660 सालचा वेढा. किल्ला कुठे आहे म्हणून ती खिडकीतून शोधत होती. दिसत होत्या त्या पत्र्याच्या लांबच लांब शेड.

बजाज ऑटोचा हा कारखाना चाकणजवळ म्हाळुंगे येथे 1999 मध्ये सुरू झाला. त्याआधी कंपनीची ओळख होती ती आकुर्डी आणि औरंगाबादजवळचे वाळूज. मूळ कंपनीची नोंदणी 1945 सालची, स्वतः दुचाकी-तिचाकी बनवण्याचा परवाना 1959 चा. स्कूटरवर मोठी झालेली ही कंपनी मोटारसायकलकडे वळली आणि 2001 च्या अखेरीस चाकणहून 'पल्सर' बाहेर पडली. पुढे तर बजाजने स्कूटर बनवणेच थांबवले. दहा वर्षांनी 'चेतक' हे नाव परत आले ते विजेवर चालणाऱ्या गाडीला. ही माहिती आम्हाला फाटकाजवळच्या खोलीत बसवून देण्यात आली. माहिती देणारे साहेब तरुण होते, मराठी स्वच्छ आणि ओघवते. त्यांनी विचारले, 'चेतक हे नाव कुठून आले, सांगा बरे?' एका मुलीने हात वर केला. राणा प्रतापांचा घोडा, हळदीघाटी, 1576. साहेब खूश झाले. मागून एक बारीक आवाज आला, 'सर, हकीम खान सूर भी थे ना उस तरफ?' होते. राणा प्रतापांच्या सैन्यात पठाण सरदार हकीम खान सूर होता आणि अकबराच्या सैन्याचा सेनापती राजा मानसिंग होता. हे आम्ही वर्गात सांगितले होते आणि ते इथे, चाकणला, मोटारसायकलच्या निमित्ताने परत ऐकायला मिळेल असे वाटले नव्हते. साहेबांनी मान डोलावली आणि म्हणाले, 'हे आम्हाला माहीत नव्हते.' त्या मुलाचा चेहरा पुढचे तीन तास तसाच होता.

मग पायांवर जाड टोपीसारखी आवरणे, डोळ्यांना चष्मे, मोबाईल जमा. पिवळ्या पट्ट्यांच्या आतून चालायचे, रांग सोडायची नाही.

आत शिरल्यावर पहिली गोष्ट जाणवली ती वासाची. गॅरेजमध्ये जळक्या ऑइलचा, पेट्रोलचा, रॉकेलचा वास असतो. इथे रंगाचा आणि नव्या रबराचा, तोही पुसट. आवाज मात्र होता. वरून साखळीला लटकत टाक्या चालल्या होत्या, लाल, काळ्या, निळ्या, जशा ओळीत वाळत घातलेल्या सुकेळ्या. खाली लाइनवर उघडा सांगाडा येत होता. पहिल्या ठिकाणी त्याला इंजिन बसते, पुढे मागचा फाटा, शॉकअ‍ॅब्सॉर्बर, मग चाके, मग वायरिंग, हँडल, टाकी, सीट. प्रत्येक ठिकाणी एक किंवा दोन माणसे, प्रत्येकाचे काम मोजके. वरून लोंबणारे बोल्ट आवळायचे हत्यार ठरलेल्या जोराला आपोआप थांबते आणि हिरवा दिवा लागतो. न लागल्यास गाडी पुढे सरकत नाही. चूक होऊच नये अशी मांडणी आधीच करून ठेवायची, याला जपानी भाषेत पोका-योके म्हणतात, असे साहेबांनी सांगितले. मुलांना तो शब्द इतका आवडला की परतीच्या वाटेवर प्रत्येक सांडलवंडीला पोका-योके झाले. हेन्री फोर्डने 1913 मध्ये अशी चालती लाइन आधी मोटारींसाठी उभी केली, तेव्हापासून कारागीर वस्तूकडे जायचा थांबला आणि वस्तू कारागिराकडे येऊ लागली. आमच्या बी.एड.च्या पाठ टाचणात हर्बार्टची पंचपदी असे: प्रस्तावना, हेतुकथन, विषयविवेचन, संकलन, उपयोजन. एका पायरीवरून मूल पुढे सरकले नाही तरी तास संपल्यावर आम्ही पुढे सरकतो. इथे दिवा हिरवा होईपर्यंत थांबतात. आम्ही एकमेकांकडे बघितले आणि काही बोललो नाही.

आता भाषेबद्दल. साहेब मराठीत सांगत होते आणि आमच्या मुलांना साधे मराठी कळते, बाजारात, बसमध्ये, शेजारी ती तेच बोलतात. अडचण तांत्रिक शब्दांशी होती. सिलिंडरमध्ये इंधन जळते, त्याला साहेब 'ज्वलन' म्हणाले. आमच्या उर्दू विज्ञानाच्या पुस्तकात त्याला 'एहतिराक' आहे. गॅरेजमध्ये त्यालाच 'फायरिंग' म्हणतात. एकच आग, तीन नावे, आणि त्यातले कुठले नाव पोटाला लावायचे हे मुलाने ठरवायचे! घर्षण म्हणजे रगड, बल म्हणजे कुव्वत, हे आम्ही दबक्या आवाजात मागे सांगत होतो. थोड्या वेळाने साहेबांच्या लक्षात आले आणि ते हिंदीवर आले. खरे तर हा कारखाना, हा शब्दच फारसी. चावी आणि पगार हे पोर्तुगीज, वसईकरांना ते वेगळे सांगायला नको. शब्दांना आत यायला कुणी परवानगीपत्र मागितले नाही. पण आयटीआयचे वर्ग मराठी-इंग्रजीतून चालतात, आणि उर्दू शाळेतला मुलगा तिथे पहिल्या महिन्यात अडखळतो तो अक्कल कमी म्हणून नव्हे, 'एहतिराक' म्हणजेच 'ज्वलन' हे त्याला कुणी शेजारी बसून सांगत नाही म्हणून.

इंजिनच्या भागापाशी एक कापलेले इंजिन मांडलेले होते, आतले सगळे दिसेल असे. साहेबांनी विचारले, 'एका सिलिंडरला स्पार्क प्लग किती?' बहुतेकांनी 'एक' म्हणून सांगितले. मागच्या बाकावर बसणारा आमचा एक विद्यार्थी आहे. वडील रिक्षा चालवतात. तो शाळा सुटल्यावर नालासोपाऱ्याच्या एका गॅरेजमध्ये उस्तादांच्या हाताखाली असतो. वर्गात त्याचा आवाज आम्ही फारसा ऐकलेला नाही. तो म्हणाला, 'पल्सर में दो.' साहेब थांबले. 'आणि?' 'एनएस दोसौ में तीन.' साहेबांनी त्याला पुढे बोलावले.

त्याने जे सांगितले ते असे. एकच प्लग असेल तर आग एका बाजूने लागते आणि दुसऱ्या टोकाला पोहोचेपर्यंत थोडा वेळ जातो. दोन्ही बाजूंनी पेटवली तर मसाला लवकर आणि पुरा जळतो, ताकद वाढते, पेट्रोल वाया जात नाही. 'मसाला' म्हणजे पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण. बजाजने 2003 मध्ये पल्सरमध्ये जी दोन प्लगांची रचना आणली तिचे सार यापेक्षा वेगळे नाही. त्या मुलाला घटक चाचणीत याच धड्यावर वीसपैकी चार गुण होते. प्रश्न होता, 'अंतर्ज्वलन इंजिनाचे कार्य सविस्तर लिहा.' प्रश्न उर्दूत होता, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. तेव्हा दोष केवळ मराठीवर ढकलता येणार नाही. त्याला लिहिण्याचाच कंटाळा.

साहेबांनी विचारले, 'पुढे काय करणार?' तो म्हणाला, 'गॅरेज.' साहेब म्हणाले, 'दहावी पास हो, आयटीआय कर, मग अशा ठिकाणी ये.' आणि मग, बहुधा सहज, त्याला नव्या चेतकबद्दल सांगितले. तिला प्लग नाही, कार्ब्युरेटर नाही, ऑइल बदलणे नाही. बॅटरी, मोटर आणि कंट्रोलर. बिघाड शोधायला केबल जोडायची, पडद्यावर कोड येतो. मुलाने विचारले, 'आवाज?' 'आवाजच नाही जवळजवळ.' तो गप्प झाला. त्याचे उस्ताद गाडी गल्लीच्या तोंडाशी असतानाच आवाजावरून टायमिंग चेन सैल आहे की टॅपेट, हे सांगतात, आणि हीच विद्या तो दोन वर्षे शिकत होता. बऱ्याच वेळाने आमच्याजवळ येऊन त्याने हळूच विचारले, 'सर, फिर उस्ताद क्या करेंगे?' आमच्या समाजात शिक्षकालाही उस्ताद म्हणतात आणि मिस्त्रीलाही. त्याला कुठला उस्ताद अभिप्रेत होता हे आम्हाला लगेच कळले. उत्तर मात्र तयार नव्हते.

दुसऱ्या रांगेत लाइनवर मुली होत्या. निळा गणवेश, डोक्याला टोपी, हातमोजे, वय वीस-बावीस. चाकणला 2016 पासून 'डॉमिनार' ही चारशे सीसीच्या आसपासची दांडगी गाडी जुळवण्याचे काम पूर्णपणे महिलांच्या तुकडीकडे दिल्याचे तेव्हा पुष्कळ छापून आले होते. आमच्या चौदाही मुली तिथे थबकल्या. एरवी वर्गात एकमेकींच्या कानात बोलणाऱ्या, आता एकदम चिडीचूप. चहाच्या सुट्टीत त्यातल्या एका कामगार मुलीशी बोलायची परवानगी मिळाली. ती विदर्भातली, डिप्लोमा झालेली, चार मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहणारी.

इथे आमच्या सोबतच्या अम्मींनी सूत्रे हातात घेतली. आम्ही विचारले असते ते प्रश्न त्यांनी विचारलेच नाहीत. पगार किती, हेही शेवटी. पहिला प्रश्न, 'बेटी, रात को घर कैसे जाती?' कंपनीची बस. 'बस दार तक छोडती या नाके पे?' नाक्यावर, तिथून चौघी मिळून. 'उभे राहून पाय दुखतात काय?' पहिले दोन महिने दुखले. 'घरी पैसे पाठवतेस?' पाठवते, आणि धाकट्या भावाची फी भरते. 'अब्बाने येऊ दिले?' मुलगी हसली. म्हणाली, 'वडील सहा महिने बोलत नव्हते. मग गावात गाडी घ्यायची झाली तेव्हा मलाच फोन केला, कुठली घेऊ म्हणून.' अम्मी इतक्या मोठ्याने हसल्या की पलीकडून सुपरवायझरने बघितले. त्या विदर्भातल्या मुलीचे मराठी आणि आमच्या अम्मींची कोकणी-हिंदी मिसळ यांना दुभाषी लागला नाही. अम्मींची मुलगी शेजारी उभी राहून दोघींकडे आळीपाळीने बघत होती.

कारखान्याचे सगळेच गुळगुळीत असते अशी आमची समजूत नाही. याच चाकणच्या कामगारांनी 2013 मध्ये 25 जूनपासून 13 ऑगस्टपर्यंत, सुमारे पन्नास दिवस, काम बंद ठेवले होते. पगारवाढीबरोबर त्यांची एक आगळी मागणी होती: कंपनीचे पाचशे शेअर, प्रत्येकी एक रुपयाने. शेअर मिळाले नाहीत आणि कामगार कामावर परतले. आम्ही स्वतः पगार उशिरा होण्याच्या तक्रारी करणारी मंडळी, तेव्हा या मागणीचे आम्हाला कौतुकच वाटले होते. मुलांना हेही बसमध्ये सांगितले. नोकरी म्हणजे जन्नत, असे चित्र घेऊन ती परतू नयेत.

शेवटी तयार गाडी रोलरवर चढते. जागच्या जागी चाके फिरतात, गिअर पडतात, ब्रेक तपासतात, आणि ती पहिल्यांदा स्वतःच्या ताकदीवर लाइनवरून उतरते. गाडी सुरू झाली तेव्हा आमच्या मागच्या बाकावरच्या विद्यार्थ्याने डोळे मिटले होते. एका मुलाने विचारले, रिक्षा कुठे होतात? त्या वाळूजला, असे उत्तर मिळाल्यावर बऱ्याच मुलांची निराशा झाली. अब्बांची रिक्षा कुठे जन्मली ते त्यांना बघायचे होते.

जोहरची नमाज आणि जेवण तळेगावच्या अलीकडे एका आमराईत झाले. मालकाने विहिरीचे पाणी वजूला दिले आणि डब्यांतल्या खिम्याचा वास घेत बराच वेळ तिथेच घोटाळले. त्यांना वाढल्यावर नाही म्हणाले नाहीत.

भेटीचा वृत्तांत मराठीत लिहून आणायला सांगितले, कारण बोर्डाच्या परीक्षेत वृत्तांतलेखन असते. त्या विद्यार्थ्याने दोन पाने आणली. एका पानावर इंजिनाची आकृती, इतकी बारकाव्याची की विज्ञानाच्या मॅडमनी ती भिंतीवर लावली. दुसऱ्या पानावर अकरा ओळी मराठी, त्यात सतरा शब्द चुकलेले, 'ज्वलन' मात्र बरोबर. त्यानंतर फेब्रुवारीपर्यंत तो आठवड्यातून तीन दिवस शाळा सुटल्यावर तासभर थांबू लागला, गॅरेजला उशिरा जाऊ लागला. उस्तादांनी त्याचे पैसे कापले नाहीत, हे आम्हाला नंतर कळले.

2024 च्या निकालात तो पास झाला. मराठीत एक्केचाळीस. अम्मींच्या मुलीला बासष्ट टक्के पडले आणि घरात डिप्लोमाचे बोलणे सुरू झाले. वडील तयार नव्हते, अम्मींनी रात्रीच्या बसचा मुद्दा सोडून बाकी सगळे मुद्दे त्यांच्यापुढे मांडले. तो मुद्दा त्यांनी स्वतःशीच राखून ठेवला आहे, आणि त्याचे समाधान होईपर्यंत त्या होकार देणार नाहीत असे आम्हाला दिसते. तूर्त मुलीने विज्ञान शाखेत नाव घातले.

आयटीआयचा पसंतीक्रम भरायचा होता तेव्हा मुलाचे उस्ताद शाळेत आले. याआधी ते कधी आले नव्हते. हात धुतलेले, पण नखांतले काळे तसेच. त्याच आठवड्यात, 5 जुलैला, बजाजने पुण्यात सीएनजीवर चालणारी मोटारसायकल जाहीर केली होती, जगातली पहिली म्हणून, आणि उस्तादांनी मोबाईलवर तिची चित्रे बघून ठेवली होती. आम्ही पहिली पसंती 'मेकॅनिक मोटर व्हेईकल' लिहिली होती. मुलाची तीच इच्छा होती. उस्तादांनी चष्मा काढून अर्ज जवळ धरला, ओळीवर बोट ठेवून विचारले, 'ये क्या है?' आम्ही सांगितले. त्यांनी मान हलवली. 'ये मैं सिखा देगा सर. वायरिंगवाला ऊपर लिखो.'

मुलगा त्यांच्याकडे बघत राहिला. बरीच चर्चा झाली. उस्तादांना स्वतःला शाळेची पायरी माहीत नाही, पण गल्लीत विजेच्या किती स्कूटर आल्या आहेत याची त्यांच्याकडे मोजदाद होती आणि त्यातल्या किती त्यांच्या दारावरून न थांबता पुढे जातात याचीही. अखेर इलेक्ट्रिशियन पहिल्या क्रमांकावर गेले, मोटर व्हेईकल दुसऱ्या. सायबर कॅफेची वेळ संपत आली होती, सर्व्हर चालत नव्हता. उस्तादांनी बाहेर उभी असलेली आपली जुनी पल्सर सुरू केली, मुलाला मागे बसवले आणि स्टेशनजवळच्या दुसऱ्या कॅफेकडे निघाले. कागदांची पिशवी त्यांनी स्वतःच्या शर्टाच्या आत धरली होती, पाऊस होता म्हणून.